नावं घ्यायची जागा

दिघोरी, ता. लाखांदूर
१९ जानेवारी २०२४

प्रफुल्ल,

जयभीम.

तुझी बहीण तृप्ती उद्या लाखांदूरहून पार्सल टाकेल. त्यात मेमरी कार्ड आहे. तुझ्या मोठीआईची सगळी गाणी त्यात आहेत, गेल्या काही वर्षांच्या कार्यक्रमांतली. तू ॲपमध्ये टाकणार म्हणालास म्हणून पाठवतो. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "टाकू द्या. पुण्याच्या लोकाईले काय समजन, पण टाकू द्या." म्हणजे तिला आवडलं आहे.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र आता फक्त शिट्टी मारतं. मेसेज तृप्तीच्या फोनवर येतो आणि माझ्याआधी सगळी आळी वाचते. पत्र लिही. जन्म शाळेत काढला, अक्षर अजून दिसतं.

एक सांगून ठेवतो. तू लहानपणी ऐकलं आहेस, पण तेव्हा तुझं लक्ष चिवड्याकडे असे. कडवं संपलं की ती गाणं थांबवते आणि दान देणाऱ्यांची नावं घेते. बपेऱ्याचे मधुकरराव यांच्याकडून एकवीस रुपये, जयभीम. कलाबाई यांच्या स्मरणार्थ मुलगा धर्मेंद्र यांच्याकडून अकरा रुपये, जयभीम. तेवढा वेळ मी पेटीवर सूर धरून ठेवतो. पैसे विहाराच्या अभ्यासिकेला जातात. माणूस मात्र पैशासाठी येत नाही, नाव ऐकायला येतो. ती नावं गाण्याचाच भाग आहेत, असं समज.

मला आता ऐकू येत नाही, तरी पेटी मीच वाजवतो. ती माझ्या उजवीकडे बसते, डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवते. एकदा दाबलं की सूर धरायचा, ती नावं घेणार. दोनदा दाबलं की अंतरा. धनीराम ढोलकीवरून हसतो. म्हणतो, "गुर्जी पेटी नाही वाजवून राहिले, बायजाबाईच गुर्जीले वाजवून राहिली." हसू दे.

आणखी एक. प्रत्येक कार्यक्रमात मी अकरा रुपये पेटीवर ठेवतो. ती ते सगळ्यात शेवटी घेते. रीनाचं नाव. घरात आम्ही दोघं ते नाव घेत नाही. नववीत असताना आमची पोरगी वारली, तेव्हापासून. स्टेजवर मात्र ती घेते, पूर्ण घेते. म्हणून गाणी नीट सांभाळ.

मोठेबाबा


पुणे
३ मार्च २०२४

आदरणीय मोठेबाबा,

जयभीम.

ॲप सुरू झालं. मोठीआईची गाणी सगळ्यात आधी लावली. भंडारा आणि गोंदियाच्या आणखी मंडळांचीही आहेत, पण लोक तिचीच जास्त ऐकतात. एका बाईने दुबईहून लिहिलं की स्वयंपाक करताना लावते. काही गाणी मोफत आहेत, बाकीच्यांसाठी महिन्याची छोटी वर्गणी.

प्रत्येक गाण्याखाली मी शब्द लिहून दिले आहेत. नावंसुद्धा जशीच्या तशी. आणि शेवटी ती म्हणते ना, "ज्याले दान द्याचं आहे त्यानं या नंबरवर पाठवा", ते वाक्य आणि तृप्तीचा नंबरही. नोकरी सोडली तेव्हा बाबा बोलायचे बंद झाले होते. काल त्यांनी स्वतः फोन करून वहिनीचं गाणं लागलं असं सांगितलं.

कार्ड परत पाठवतो आहे. त्याची आता गरज नाही. सगळं इथे आहे आणि इथेच राहील. दुसऱ्या कामाला वापरा.

तुमचा
प्रफुल्ल


दिघोरी
२० मार्च २०२४

प्रफुल्ल,

जयभीम.

विहारात तृप्तीचा फोन भोंग्याला जोडला आणि सगळ्यांनी ऐकलं. मला ऐकू आलं नाही. लोकांची तोंडं पाहिली. आपलं नाव येणार असलं की माणूस थोडा सरळ बसतो. ते पाहत बसलो. बायजा मागे बायकांत बसली होती. तिला कुणीतरी पुढे बोलावलं तर म्हणाली, "मी गाऊन राहिली ना तिकडं, इकडं कायले येऊ?"

कार्ड मी लिलाधरला दिलं. तो तलावावर दिवसभर जाळी घेऊन असतो, त्याच्या छोट्या रेडिओत ते बसतं. लाखांदूरच्या दुकानातून गाणी भरून आणणार आहे. फार खूश झाला. एक मरळ आणून दिली.

मोठेबाबा


पुणे
२८ मे २०२४

आदरणीय मोठेबाबा,

जयभीम. पत्राला उशीर झाला. मधे ॲप बंद होतं.

ॲप ज्या स्टोअरमधून लोक घेतात, त्या स्टोअरचा नियम आहे. ॲपच्या आत गाणं किंवा पुस्तक विकलं तर पैसे स्टोअरच्याच गल्ल्यातून यायला हवेत. त्यातला वाटा ते ठेवतात. तेवढंच नाही. पैसे द्यायची बाहेर दुसरी वाट आहे, असं ॲपमध्ये सांगायचंही नाही. मोठीआईच्या वाक्यातला नंबर त्यांना दिसला आणि त्यांनी ॲप परत पाठवलं. मी कळवलं की हे दान आहे, विक्री नाही. उत्तर आलं की गाण्याला जोडलेलं दान विक्रीतच धरतात. गाण्याखालचे शब्द काढले. तरी दुसऱ्यांदा परत आलं. म्हणाले, आवाजातही आहे.

तिसऱ्यांदा परत आलं असतं तर माझं खातंच गेलं असतं, सगळ्या मंडळांच्या गाण्यांसकट. दोन मुलं माझ्याकडे कामाला आहेत.

आता ॲप पुन्हा सुरू झालं आहे. थोडी काटछाट करावी लागली. नंबरचं वाक्य काढलं. गाण्यांना हात लावलेला नाही. काळजी करू नका.

तुमचा
प्रफुल्ल


दिघोरी
२१ जुलै २०२४

प्रफुल्ल,

जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लाखांदूरच्या बाजारात बसलं की जागेची पावती फाडावी लागते. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, जागा त्यांची आहे. पण भाजी घेऊन बसलेल्या बाईने माझं घर अमक्या गल्लीत आहे असं बोलू नये, हा नियम मी पहिल्यांदा ऐकला. असो. तुला पोट भरायचं आहे. नंबर गेला तर गेला. ज्याला द्यायचं तो घर विचारत येतो.

धानाचे रोवणे चालू आहेत. बायजा या वर्षीही चिखलात उतरते. नको म्हटलं तर पाटीवर लिहिते: तुम्ही घरी बसा. माझ्यासाठी तिने आणि तृप्तीने शाळेतली जुनी पाटी काढली आहे. तिचं अक्षर मोठं आहे, चार शब्दांत पाटी भरते, त्यामुळे भांडण लांबत नाही.

ती आता तुझं ॲप लावायला सांगत नाही. आधी संध्याकाळी तृप्तीला हाक मारायची. आता मीच लाव म्हणतो. तृप्ती लावते, मी फोनवर तळहात ठेवून बसतो, थोडं थरथरलेलं कळतं. बायजा उठून आत जाते. स्वतःचा आवाज ऐकायला लाजत असेल. किंवा दिवसभर वाकून थकत असेल.

मोठेबाबा


पुणे
११ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मोठेबाबा,

जयभीम. काल रात्री पोहोचलो.

नागपूरच्या डॉक्टरांशी पुन्हा बोललो. पक्षाघाताने गेलेलं मोठीआईचं उजवं अंग थोडं सुधारेल म्हणतात. वाचेचं सांगता येत नाही. तिला सगळं कळतं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत, असं समजा. शब्द शिकवणाऱ्या एक बाई भंडाऱ्याला येतात, त्यांचा पत्ता तृप्तीला दिला आहे. पैशांचं बघू नका.

हॉस्पिटलमध्ये मी तिच्याजवळ बसलो होतो तेव्हा तिने डाव्या हाताने माझा हात धरला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मला तिला काही सांगायचं होतं. नर्स आली आणि राहून गेलं. तुम्ही बाहेर बाकावर होतात.

तुम्ही जेवत जा.

तुमचा
प्रफुल्ल


दिघोरी
९ जानेवारी २०२५

प्रफुल्ल,

जयभीम.

कलाबाईचा धर्मेंद्र सुट्टीत आला होता. नागपूरला असतो, बँकेत. माझा विद्यार्थी. अंगणात उभा राहून ओरडत होता. बहिऱ्यापुढे ओरडलं की शेजाऱ्यांना सगळं कळतं, बहिऱ्याला सोडून. मी तृप्तीकडे पाटी दिली. ती लिहीना. मी दोनदा म्हटलं तेव्हा लिहिलं. त्याचं पाटीवरचं आणि माझं बोलणं असं झालं.

"गुर्जी, माह्या मायचं नाव कुठं गेलं?"

"कुठं जाईन? गाण्यात आहे."

"नाही ना. सगळे गाणे ऐकलो. वर्गणी भरली मी. पोराले आजीचं नाव ऐकवाले भरली. एका गाण्यात नाही. कडवं झालं का लगेच दुसरं कडवं. मधुकररावाचं नाही, कोणाचंच नाही. गिळले काय तुमी सारे नावं?"

मी म्हटलं, तुझ्या ऐकण्यात चूक असेल. बहिऱ्याने स्वतः ऐकल्यासारखं सांगितलं. तो हसला नाही. निघून गेला.

मग मी तृप्तीला विचारलं, तुला ठाऊक होतं? तिने मान हलवली. "कवापासून?" उन्हाळ्यापासून. "मले काहून नाही सांगतलं?" तिने पाटी पुसली. मग लिहिलं: मोठीआईने शपथ घातली होती. म्हणाली, त्याईले ऐकू येत नाही तं बरंच आहे. पोराचा धंदा आहे. सांगू नको.

म्हणजे ती लाजत नव्हती. थकतही नव्हती. मला काय काय वाटलं होतं, ते मी तुला लिहून पाठवलं आहे. तुझ्याकडे ते पत्र असेल.

आता तुला एकच विचारतो. बाकीची नावं राहू दे. रीनाचं नाव आहे का?

मोठेबाबा


पुणे
१६ जानेवारी २०२५

मोठेबाबा,

नाही.

दुसऱ्यांदा ॲप परत आलं तेव्हा सोबत एकच ओळ होती. गाण्यांमध्ये बाहेर पैसे देण्याचं आवाहन आहे. कोणत्या गाण्यात, कुठे, काही नाही. गाणी शेकड्यांनी होती. मी ऐकत बसलो नाही. 'नंबर', 'रुपये', 'यांच्याकडून', 'स्मरणार्थ' हे शब्द जिथे येतील तिथलं सगळं वाक्य कापणारा एक प्रोग्राम लिहिला आणि चालवला. तासाभरात काम झालं. जोड कळू नयेत म्हणून तुमचा पेटीचा सूर दोन्ही बाजूंनी जुळवला. ऐकणाऱ्याला तिथे काही होतं असं वाटत नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

नियमात नावं नव्हती. नंबर होता. एक वाक्य काढलं असतं तरी पुरलं असतं. नियम मी पुरा वाचला नाही, घाबरून वाचला. त्यांनी मागितलं त्याहून जास्त देऊन टाकलं.

जुन्या फाइल्स माझ्याकडे नाहीत. नव्या टाकल्या तेव्हा त्या पुसल्या. ठेवायला महिन्याचं भाडं लागतं.

तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की नावं गाण्याचाच भाग आहेत. ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. मे महिन्यात तुम्हाला गाण्यांना हात लावला नाही असं लिहिलं, तेव्हाही ते तिथेच होतं.

ते कार्ड लिलाधरकाकांकडे असेल. त्यात भरलेलं असलं तरी खालचं कधीकधी काढता येतं. कुणाला हात लावू देऊ नका. मी येतो.

प्रफुल्ल


दिघोरी
२३ जानेवारी २०२५

प्रफुल्ल,

येऊ नकोस. लिलाधरकडे जाऊन आलो.

तो तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत होता. कार्ड म्हटल्यावर त्याने खिसे चाचपले, मग डोक्याला हात लावला. कार्ड पावसाळ्यात रेडिओसकट पाण्यात गेलं. त्याआधी काय होतं विचारलं तर तोंड अगदी जवळ आणून सांगितलं, मला ओठांवरून कळलं. "दुकानवाला पुसे, जुनं ठेवू का काढू? मी म्हटलं, काढ बापा. गुर्जीनं देलं म्हंजे कामाचं नसन."

संध्याकाळी तो मासे घेऊन आला. कुणी शिजवले नाहीत. बराच वेळ ओट्यावर बसला आणि गेला.

तू म्हणालास गरज नाही, आणि मी लगेच देऊन टाकलं. तेहतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की उत्तर लिहिलं तरी कच्चं काम पुसू नका.

तुझ्यावर मी रागावलो आहे का, ते मला नीट सांगता येत नाही. बायजा रागावलेली नाही. ती तुझ्या बाजूने उन्हाळ्यापासून गप्प होती. आता तिच्या गप्प राहण्याला काही अर्थ उरला नाही, एवढंच.

मोठेबाबा


पुणे
२ डिसेंबर २०२५

आदरणीय मोठेबाबा,

जयभीम. वर्षभर पत्र लिहायला घेत होतो आणि ठेवून देत होतो. तृप्तीकडून तुमचं कळत होतं.

स्टोअरने नियम सैल केला आहे. आता ॲपमधून बाहेर पैसे द्यायची वाट दाखवता येते. आधी एक पडदा येतो, त्यावर लिहिलेलं असतं की तुम्ही स्टोअरच्या बाहेर जात आहात, जबाबदारी तुमची. वाटा त्यांना तरीही थोडा जातो. पण वाट आहे. तृप्तीला विचारून मोठीआईच्या गाण्यांखाली नंबर पुन्हा टाकला. आज जर ती गाणी माझ्याकडे पहिल्यांदा आली असती तर एक शब्दही कापावा लागला नसता.

आणखी एक करता येईल. आवाजाचा थोडा नमुना असला की यंत्र त्याच आवाजात हवं ते म्हणतं. मोठीआईचा आवाज माझ्याकडे तासन्‌तास आहे. नावांची यादी तुम्ही दिलीत तर ती सगळी नावं तिच्या आवाजात पुन्हा घालता येतील, त्याच जागी. एक नमुना तृप्तीच्या फोनवर पाठवला आहे. तिला ऐकवून बघा. फक्त रीनाचं नाव आहे.

तुम्ही म्हणाल तसं.

तुमचा
प्रफुल्ल


दिघोरी
६ जानेवारी २०२६

प्रफुल्ल,

जयभीम.

नमुना पुसून टाक. तृप्तीने तो बायजाला ऐकवला, काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी समोर होतो. मला ऐकू आलं नाही, बायजाचं तोंड पाहिलं. तिने फोन हातातून घेतला, उलटा ठेवला आणि त्यावर पदर टाकला. जे नाव ती घरात घेत नव्हती, ते तिच्याच आवाजात घरात कुणीतरी घेतलं. यंत्राला घर आणि स्टेज कसं कळणार? तू चांगल्या मनाने केलंस. तरी पुसून टाक.

नंबर टाकलास ते कळलं. धर्मेंद्रने अकरा रुपये पाठवले आणि आईचं नाव लिहिलं. मी तृप्तीला म्हटलं, पैसे आले, आता नाव घेणार कोण?

सावित्रीमाईच्या जयंतीला विहारात कार्यक्रम होता. गाणाऱ्या पोरी साकोलीहून येणार होत्या, त्यांची गाडी चुकली. लोक बसलेले. कुणीतरी म्हणालं, बायजाबाईचं गाणं लावा. तृप्तीने फोन भोंग्याला जोडला. धनीरामने मला हाताने ओढून पेटीवर बसवलं, स्वतः ढोलकी घेतली. बायजाची खुर्ची बायकांत होती. तिने काठी आपटली. तिला उचलून आणावं लागलं. नेहमीच्या जागी, माझ्या उजवीकडे, खाली सतरंजीवर. डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

गाणं सुरू झालं. धनीरामचे हात पाहून मी वाजवत होतो. पहिलं कडवं झालं असेल. गुडघा एकदा दाबला.

तृप्ती नंतर म्हणाली की तिथे काहीच नाही. तुझा जोड इतका चांगला आहे की गाणं सरळ पुढे जातं. पण बायजाला जागा ठाऊक आहे. मी सवयीने सूर धरला. गाणं पुढे पळत होतं म्हणे, मी इकडे सूर धरून बसलेला. धनीरामने ढोलकी थांबवली. मग तृप्तीला समजलं, तिने फोन थांबवला.

 बायजाने त्याच हाताने काठी धर्मेंद्रकडे केली आणि हात परत गुडघ्यावर ठेवला. तो मागे उभा होता. त्याने आईचं नाव घेतलं. त्याच्या ओठांवरून मला कळलं. मग एक म्हातारी उठली. मग मधुकररावांचा मुलगा. लिलाधर दारात होता, आत येत नव्हता, त्यानेही बापाचं नाव घेतलं. प्रत्येकाचं झालं की तोंडं हलायची, जयभीम म्हणत असतील. मी सूर सोडला नाही.

ती शेवटी आमचं घेते. मी वाट पाहिली. गुडघ्यावरचा हात हलेना. मी तिच्याकडे पाहिलं तर ती माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, रीना आनंदराव शहारे. पुढे 'हिच्या स्मरणार्थ' म्हणायचं असतं, ते राहिलं. मोठ्याने म्हटलं की हळू, ठाऊक नाही. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. तृप्तीला विचारलं नाही. ती घ्यायची तसं ते झालं नाही, एवढं मला कळतं. ते आता होणार नाही.

मग गुडघा दोनदा दाबला. तृप्तीने फोन सुरू केला आणि मी अंतरा घेतला.

ॲपमधली गाणी आहेत तशीच राहू दे.

मोठेबाबा